लिबरल आर्ट्‌स कॉलेजात थिएटर मेजर: लेकीसाठी सल्ला हवा आहे

जर्सीची_आई
नमस्कार मंडळी. लेक अकरावीत आहे. इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत लहानपणापासून कामं करते, पण शाळेत स्टेजमागेच जास्त रमते. सध्या शाळेच्या नाटकाची स्टेज मॅनेजर आहे. आता म्हणते, थिएटरच शिकायचंय. तिच्या यादीत व्हॅसर, वेस्लियन, केनियन आणि स्किडमोर ही इथली, अमेरिकेतली लिबरल आर्ट्‌स कॉलेजं (एकाच विषयाऐवजी अनेक विषय शिकवणारी) आहेत. तिच्या बाबांचं म्हणणं, शिकायचंच तर सरळ बीएफए (मुख्यतः कलेचंच शिक्षण देणारी पदवी) कर, धड ना हे धड ना ते असं नको. आम्हा दोघांनाही यातलं फारसं कळत नाही. बीए केलं तर ती इतरांच्या मागे पडेल का? आणि खर्चाचं काय?

तिसरी_घंटा
ताई, मी अशाच एका छोट्या कॉलेजात थिएटरमध्ये बीए केलं आणि आज स्टेज मॅनेजमेंटवरच पोट भरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीएफएमध्ये साधारण दोन तृतीयांश अभ्यास नाटकाचाच असतो. अभिनयाला प्रवेश बहुतेक ऑडिशनवर मिळतो, त्याआधी व्हिडिओ मागवून चाळणी लावतात. बीएमध्ये नाटक एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी इतिहास, भाषा, विज्ञान, जे हवं ते. प्रवेश कॉलेजचा मिळतो, मेजर (मुख्य विषय) नंतर ठरवता येतं.

पण खरा फरक वेगळाच आहे. मोठ्या विद्यापीठात एमएफएचे (पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी असले, तर मुख्य भूमिका, दिग्दर्शन, प्रकाशयोजना बऱ्याचदा त्यांच्याकडे जाते. छोट्या कॉलेजात ते नसतातच, त्यामुळे सगळं पदवीच्याच मुलांच्या अंगावर पडतं. दुसऱ्या वर्षाला मी बूथमध्ये बसून अख्खा प्रयोग कॉल करत होते, म्हणजे प्रकाश, ध्वनी कधी बदलायचे त्याचे इशारे देत होते. मांडीवर प्रॉम्प्ट बुक (स्टेज मॅनेजरची संहितेची प्रत), समासात पेन्सिलीनं टिपलेले क्यू, म्हणजे इशारे (तालमीत रोज बदलतात, म्हणून पेन्सिलच), कानाला हेडसेट. ‘स्टँडबाय लाइट्स 47’ म्हणायचं, पलीकडून ‘लाइट्स’ असं उत्तर आलं की नटाचा श्वास बघून ‘गो’ द्यायचा. तो ‘गो’ अर्धा सेकंद उशिरा गेला तर प्रसंग पडतो. ही नजर हाताखाली प्रयोग आल्याशिवाय बसत नाही.

उदाहरणच द्यायचं तर, अमेरिकन नाटककार लिन-मॅन्युएल मिरांडानं ‘इन द हाइट्स’ हे म्युझिकल लिहायला घेतलं ते वेस्लियनला दुसऱ्या वर्षाला असताना. पहिला प्रयोगही कॅम्पसवरच झाला. ब्रॉडवेवर ते पोचलं 2008 मध्ये.

सूर_आणि_पाऊल
थोडं वेगळं मत. तिला म्युझिकल थिएटरमध्ये गायचं-नाचायचं असेल, तर बाबांचं बरोबर आहे. आवाज आणि नृत्य यांना रोजचा रियाज लागतो, तो बीएच्या वेळापत्रकात बसत नाही. स्टेज मॅनेजमेंट, दिग्दर्शन किंवा लेखन असेल तर मात्र बीएच.

डेक्कनकर
आपल्या रंगभूमीकडे बघा. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीचे. दवाखाना, प्रयोगशाळा सांभाळून संध्याकाळी तालमी करणाऱ्या माणसांनी आपलं नाटक पुढे नेलं. ती ओढाताण त्यांनी स्वतः सोसली. तुमच्या लेकीला नाटक आणि जीवशास्त्र, किंवा नाटक आणि अर्थशास्त्र, एकाच वेळापत्रकात डबल मेजर म्हणून मिळतंय. याला ‘धड ना हे धड ना ते’ म्हणू नका हो. ज्याला जगातलं आणखी काही कळतं, त्याचं नाटक दमदार होतं असं मला मनापासून वाटतं.

जर्सीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना हा धागा वाचायला दिलाय. खर्चाबद्दल कुणी सांगेल का? आणि कॉलेज बघायला जाऊ तेव्हा नेमकं काय विचारायचं?

तिसरी_घंटा
खर्च आधी. यातल्या कॉलेजांचे छापील आकडे वर्षाला 80,000 डॉलरच्या वर जातात, पण ते बघून यादी कापू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता अंदाजे किती भरावे लागतील ते सांगणारा) असतो, त्यात तुमचं उत्पन्न घालून बघा. व्हॅसर आणि वेस्लियन प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली पूर्ण आर्थिक गरज भागवतात. अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) बंधनकारक असतं, इतरांची मदत ताडून बघता येत नाही, तेव्हा आकडे जुळले तरच त्या वाटेनं जा. पदवीसाठी मोठं कर्ज काढू नका. पुढे एमएफए करावंसं वाटलं तर येलच्या ड्रामा स्कूलमध्ये 2021 पासून सर्वांनाच ट्यूशन माफ आहे. मेरिल स्ट्रीपही आधी व्हॅसर, मग येल, याच वाटेनं गेली.

भेटीत टूरवाल्या मुलांकडून इमारतीचं कौतुक ऐकण्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतल्या नाटकांच्या प्रोग्राम पुस्तिका मागा. दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, स्टेज मॅनेजर यांपुढे विद्यार्थ्यांची नावं किती आणि बाहेरून बोलावलेल्या व्यावसायिकांची किती, ते मोजा. विद्यार्थ्यांना स्वतःचं नाटक बसवायला जागा आणि पैसे मिळतात का, हेही विचारा. जमलं तर सीन शॉपमध्ये (नेपथ्य बनवायच्या कार्यशाळेत) डोकवा. दुपारी तिथे मुलं करवत चालवताना दिसली, तर विभाग जिवंत आहे असं समजा.

आणि कनेटिकटमधल्या वॉटरफर्डला नॅशनल थिएटर इन्स्टिट्यूट आहे. तिथे एक सेमिस्टर दिवसरात्र फक्त नाटक करता येतं. तिचं कॉलेज ते क्रेडिट धरतं का, ते आधी विचारून ठेवा. बाबांची बीएफएची हौस त्यात बरीचशी भागेल.

जर्सीची_आई
पुस्तिकांचं लगेच करते. चारही विभागांना लेक आजच ईमेल लिहितेय. वेस्लियनला वसंतातल्या सुट्टीत जाणार आहोत, तिथे प्रयोग असेल तर तिकीटही काढतो.