मदत हवी आहे: बॅलेसाठी अंग कसं तयार करू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, धरमपेठेत राहते, वय 29. लहानपणी सात वर्षं भरतनाट्यम केलं, आता दीड वर्षापासून ऑनलाइन बॅले शिकतेय.

घोडं अडलंय टर्नआउटवर, म्हणजे पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळवण्यावर. अरमंडीची (भरतनाट्यममधली अर्धी बैठक) सवय होती, म्हणून वाटलं हे तर आपल्या घरचंच! पण अरमंडीत गुडघे वाकलेले असतात. इथे पाय सरळ ठेवून मांडीचं हाड खुब्यातून बाहेर फिरवायचं. मी नुसतंच पाऊल वळवते, गुडघा पुढे बघत राहतो, आणि आता उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखतोय.

मॅडम म्हणतात, ताणत बसू नकोस, आधी ताकद वाढव. त्यामुळे सध्या मांड्यांना रबरी पट्टा बांधून कुशीवर झोपते आणि वरचा गुडघा उघडते-मिटते. शिवाय प्लँक आणि एका पायावर टाच उचलणं. डाव्या पायानं 22 होतात, उजव्यानं 14 झाले की घोटा बाहेर कलंडतो. (हे सगळं पहाटे साडेपाचला गच्चीवर. मे महिन्यात नागपुरात दुसरी वेळ सांगा बरं!)

खुब्याच्या आतल्या स्नायूंसाठी आणखी काय करता? आठवड्यातून किती दिवस? घरातल्या फरशीवर उड्यांचा सराव मी बंद केलाय, खाली काय अंथरलं तर चालेल? आणि नाचणाऱ्यांचे गुडघे बघण्याची सवय असलेले फिजिओथेरपिस्ट नागपुरात कुणाला माहीत आहेत का?

पॉइंट शूजचा (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट) विषय नको, ते अजून खूप लांब आहे.