क्लायमेट ईटीएफ: मुलीच्या शिक्षणाचे पैसे घालावेत का?

प्रश्न (धायरी): यंदाही उन्हाळाभर सोसायटीच्या फाटकाशी टँकरची रांग. पोरीसाठी साठवलेला पैसा निदान स्वच्छ ऊर्जेच्या कामी यावा असं मनापासून वाटतं. आयशेअर्स ग्लोबल क्लीन एनर्जी हा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) कसा आहे? ती आत्ता सहावीत आहे.

उत्तर (कोथरूड): ताई, हेतू उत्तमच, पण नावावर जाऊ नका. हा फंड ज्या निर्देशांकाची, म्हणजे कंपन्यांच्या ठरावीक यादीची, नक्कल करतो त्यात २०२१ पर्यंत जेमतेम ३० कंपन्या होत्या. पैशाचा लोंढा आला, छोट्या कंपन्यांत तो मावेना, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये यादी वाढवावी लागली. भाव जानेवारी २०२१ च्या शिखरावरून २०२३ अखेर निम्म्याखाली आला! सौर-पवन प्रकल्प कर्जावर उभे राहतात. अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांवर गेले आणि नफ्याचं गणित बिघडलं. पवनचक्क्या फिरतच होत्या, भाव मात्र पडला. हे नीट समजून घ्या.

उत्तर (औंध): शिवाय हा अमेरिकेतला फंड, त्यामुळे लाभांशावर तिथे २५ टक्के कर कापतात आणि आपल्या प्राप्तिकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं. डॉलर पाठवायचं बँकेचं शुल्क वेगळं.

प्रश्नकर्ती: मग निफ्टी १०० ईएसजीवाला फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारा?

उत्तर (कोथरूड): त्याची होल्डिंग्ज (त्यात कोणत्या कंपन्यांचे शेअर आहेत ती यादी) उघडून बघा, बँका आणि आयटी कंपन्याच वर दिसतील. वाईट नाही, पण तुम्हाला हवं ते हे नव्हे. फीचे पैसे साध्या इंडेक्स फंडात राहू द्या आणि फी भरायची वेळ जवळ येईल तसे एफडीत हलवा. क्लीन एनर्जीत घालायचेच तर दहा वर्षं हात लावणार नाही तेवढेच घाला.