निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून कोकणात गावी कायमचं राहायला जावं का?

पडवी
येत्या मार्चला निवृत्त होतोय. डोंबिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित घर. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, मागे परसात विहीर. कायमचं गावी जायचं मी ठरवलंय. बायकोला पटत नाही, मुलगा म्हणतो घाई करू नका. म्हणून इथे मांडतोय. माझं मत आधीच सांगतो, शहरात म्हातारपण काढू नये.

१९९१ पासून लोकलच्या दारात उभा राहून प्रवास केला. गुडघे गेले, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. खाली उतरलो तरी बसायला जागा कुठे आहे? फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात. उलट ज्या घराची घरपट्टी मी इमानेइतबारे भरतो, त्या घरात वर्षातून जेमतेम अकरा दिवस राहतो. सात गणपतीचे, चार शिमग्याचे. बाकी वर्षभर कुलूप. माझे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर गावी गेले आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत स्वतः रहाटाने पाणी काढत होते. सकाळी पडवीत बसून चहा प्यावा, समोरच्या फणसावरचे पक्षी बघावेत, वाडीतल्या माणसांनी हाक मारावी, एवढंच मागणं आहे. ज्यांना हे चुकीचं वाटतं त्यांनी जरूर लिहा.

सांजवात
पडवी, तुमच्या लिहिण्यातला चहा कोण करणार आहे?

रागाने विचारत नाहीये. माझे सासरे असेच निवृत्त होऊन लांज्याजवळ गावी गेले. नंतर सासूबाईंसाठी आम्हीही चार वर्षं तिथे राहिलो. गणपतीतलं गाव म्हणजे गाव नव्हे. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, घरात दहा हात कामाला असतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलच्या मध्यावर विहीर तळ दाखवते. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं उतारावरून खाडीला जाऊन मिळतं. मग टँकरची वाट बघायची, तो आला की वाटेल त्या वेळी हंडे घेऊन धावायचं. धावणारे पाय बायकांचेच असतात.

आणि ऑगस्टमधली ती रात्र. दोन वाजता सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका आली, बरोबर आलेला मुलगा चांगला होता, त्याने जे हातात होतं ते केलं. आरोग्य केंद्रातून रत्नागिरी, तिथून कोल्हापूर. आंबा घाटात दरड आलेली, एकाच बाजूने गाड्या सोडत होते. त्या वाचल्या, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. दोन तास आधी आणलं असतं तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते दोन तास मी घाटात गाडीच्या काचेवरचं पाणी बघत काढलेत. गुडघे आज दुखतायत, काका. उद्या काय दुखेल ते कोणी सांगावं?

काजूवाला
सांजवातताई, तुमचं दुःख खोटं नाही. आमच्या घरातही असं झालंय. पण "सोयी नाहीत म्हणून जाऊ नका" हे ऐकत ऐकतच कोकण रिकामं झालं. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जवळपास १७ लाख माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वाढत असताना आमची घटली. सिंधुदुर्गाचंही तेच. पट कमी म्हणून शाळा बंद, प्रवासी नाहीत म्हणून एसटीची फेरी बंद, आणि मग फेरी नाही म्हणून उरलेलेही निघतात.

मी ३४ वर्षांचा आहे. पुण्यात शिकलो, पाच वर्षं नोकरी केली आणि २०१७ ला परत आलो. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची काजूची बाग आहे, थोडा हापूस आहे. पैसा पुण्यापेक्षा कमी, पण हप्ता कुणाचा नाही. शहरात सगळं मिळतं म्हणता, ते येतं कुठून? मुंबईचं पाणी भातसा आणि तानसातून जातं. ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चालतात. म्हणजे शहराची सोय हा गावाच्याच गैरसोयीचा दुसरा भाग आहे.

आणि डॉक्टरांचं म्हणाल, तर डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहिले. विंचू चावून पोरं दगावायची. त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले, हे आज वैद्यकीय जगाला माहीत आहे. मुंबईत बसून ते झालं नसतं, कारण ते रुग्ण मुंबईत नव्हतेच. माणसं गावात राहिली तर डॉक्टरही राहतील.

पडवीकाका, तुम्ही या, पण नुसतं बसायला येऊ नका. सातबारावर किती नावं आहेत ते आधी बघा, आमच्यावर एकतीस आहेत आणि एक विहीर खोल करायची तर सगळ्या भाऊबंदांची संमती लागते. कलमांची बेणणी, म्हणजे खालचं गवत-झुडपं काढणं, कोण करणार, माकडांना कोण हाकणार, हेही ठरवून या. खाचरं पडीक पडली, रान घराला भिडलं, आता डुकरं परसात येतात. माणसं नाहीत म्हणून हे झालंय.

वेशीबाहेर
वर सगळे "गाव" म्हणतायत. कोणतं गाव? वाडीतल्या माणसांनी हाक मारावी, असं पडवी यांनी लिहिलंय. माझं गाव खेड तालुक्यात आहे आणि आमची वाडी बौद्धवाडी आहे. ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर फिरते, आमच्याकडे येत नाही. विहीर वेगळी, स्मशान वेगळं. आजोबा ज्या पाणंदीने मान खाली घालून चालायचे, त्या पाणंदीची मला ओढ नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब बोलले, की खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. कोकणातलं खेडं त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

मुंबईत भेदभाव नव्हता असं मी म्हणणार नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात आमच्या माणसांना घेत नसत. धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि तो विटाळ इतरांना चालायचा नाही. विणकराचा पगार जास्त, म्हणून आमचे लोक कमी पगाराच्या खात्यांत. पण त्याच मुंबईत आजोबांना बीडीडी चाळीत एक खोली मिळाली, वडिलांना रात्रशाळा मिळाली आणि मी इंजिनिअर झालो. सकाळच्या लोकलमध्ये माझ्या खांद्यावर मान टाकून झोपणारा माणूस मला आडनाव विचारत नाही. ज्या गर्दीला पडवी कंटाळलेत, त्या गर्दीत मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

काजूवाला
वेशीबाहेर, आमच्या गावातही दोन स्मशानं आहेत. माझ्याकडे याला उत्तर नाही. एवढंच सांगतो, मी ग्रामसभेत हा विषय मांडला होता, तेव्हा मला गप्प बसवलं. मी पुन्हा मांडणार आहे.

तिसरा मजला
मी ६८ वर्षांची आहे, मुलुंडला एकटी राहते. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा दिरांनी गावी बोलावलं होतं. मायेनेच बोलावलं, पण तिथे मी कुणाची तरी वहिनी आणि कुणाची तरी काकू असते. इथे माझं नाव दारावर आहे. कुंकू लावलं की नाही, संध्याकाळी कुठे गेले, कोणी विचारत नाही. बुधवारी वाचनालय, महिन्यातून एक नाटक, भाजी खालीच मिळते. बँकेत, दवाखान्यात स्वतःच्या पायाने जाते.

शहरात माणुसकी नसते, हे वाक्य मला मान्य नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कुर्ल्याहून चालत घरी आले. विक्रोळीला झोपडीतल्या एका बाईने मला आत घेतलं, कोरडी साडी दिली, चहा दिला. तिच्याही घरात घोट्याएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी मी साडी परत द्यायला गेले तर ती गल्लीच मला सापडेना.

पडवी
सगळ्यांचे आभार. वेशीबाहेर, मी "वाडी" हा शब्द लिहिताना विचारच केला नव्हता. आता गावी गेलो की तो शब्द सहज तोंडात येणार नाही.

तिसरा मजला, तुमचा अनुभव मोठा आहे, पण आमच्या इमारतीतलाही ऐका. दारात दुधाच्या पिशव्या साचल्या तेव्हा कळलं, की शेजारचे गृहस्थ दोन दिवसांपूर्वी गेले. भिंतीला भिंत लागून होती. गावी चुलीचा धूर दिसला नाही तरी कोणी तरी डोकावतं. त्या भीतीने मी हे ठरवलंय, हे आज पहिल्यांदाच उघड लिहितोय.

चहाचा प्रश्न मात्र मी बायकोला वाचून दाखवला. पुढचं ती लिहितेय.

पडवी
मी यांची पत्नी. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

लग्नानंतर पहिली पाच वर्षं मी त्याच घरात होते. हे डोंबिवलीत खोलीवर, बरोबर आणखी तिघे. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, असं मुलाने आत्ता काढून दाखवलं. त्याआधीच्या अशाच एका आकड्यात मी होते. पुरुष मुंबईला, बायका, म्हातारी आणि गुरं गावाला. सासऱ्यांनी ऐंशीपर्यंत पाणी काढलं हे खरं, पण ते अंघोळीच्या दोन बादल्या. गुरांचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं पाणी मी आणि सासूबाईंनी काढलं. पोटात मुलगा असतानाही काढलं. ह्यांना अकरा दिवसांचं गाव माहीत आहे, मला पाच वर्षांचं.

तरी मला त्या घराचा राग नाही. अंगणातली अबोली मी लावलेली आहे. पण डोंबिवलीत माझं भजनी मंडळ आहे, बहीण दोन स्टेशनांवर आहे आणि नळ सोडला की पाणी येतं. हे मी म्हातारपणी सोडावं असं मला वाटत नाही.

ह्यांनी जावं, मनापासून सांगते. कुलूप लावलेलं घर मलाही बघवत नाही. पहिलं वर्ष एकट्याने राहावं, चूल नाही तर गॅस स्वतः पेटवावा. मे महिन्यात मला फोन करावा आणि विहिरीत किती हात पाणी उरलंय ते सांगावं. मग मी ठरवेन.