मासळीचं खत आणि समुद्री शेवाळ: गच्चीवरच्या भाज्यांना नक्की काय द्यावं?

गच्चीवरची वांगी
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत इमारतीच्या गच्चीवर माझ्या २० लिटरच्या १४ ग्रो बॅगा आहेत. वांगी, टोमॅटो, मिरची, एक दोडका आणि दोन बॅगांत मेथी-पालक. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी माती आणि घरचं कंपोस्ट. दीड महिना रोपं छान वाढली. आता वांग्या-टोमॅटोची खालची पानं पिवळी पडून गळताहेत, वाढही खुंटलीय. नर्सरीतून सीवीडच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, काळ्या दाण्यांची पिशवी आणली, प्रत्येक बॅगेत मूठभर घातली. तीन आठवडे झाले, फरक शून्य.

आता शेजारच्या काकू म्हणतात मासळीचं खत घाल. घालायची तयारी आहे, पण सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे घरात काही आणता येणार नाही आणि वासही खाली जाता कामा नये. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा. बाटली घ्यावी की घरी करावं? किती द्यावं, कधी द्यावं?

पेंडवाला
ताई, आधी पानं नीट बघा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होऊन वर चढतोय, म्हणजे नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. नवी कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर लोहाकडे बोट दाखवलं असतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतंच, कंपोस्टात होतं ते दीड महिन्यात रोपांनी खाल्लं.

म्हणून दाण्यांनी फरक पडला नाही. त्यांत बहुतेकदा बेंटोनाइट मातीच्या गोळीवर शेवाळाच्या अर्काचा लेप असतो. आणि चांगल्यातला चांगला शेवाळाचा अर्क घेतला तरी त्यात नत्र-स्फुरद (फॉस्फरस) नावापुरतंच. पालाश (पोटॅशियम) बरं असतं, सूक्ष्म द्रव्यं असतात, सायटोकायनिन-ऑक्झिनसारखी वाढीची संप्रेरकं असतात. मुळं फुटायला, ऊन-पाण्याचा ताण सोसायला, फुलं टिकायला त्याची मदत होते. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशातही २०२१ पासून शेवाळाचा अर्क ‘जैव-उत्तेजक’ या वर्गात येतो. टॉनिक म्हणा. उपाशी माणसाला टॉनिक पाजून काय होणार?

मासळी मात्र खरं जेवण आहे. परदेशात जे फिश इमल्शन (मासळीचं बाटलीतलं द्रवरूप खत) मिळतं त्यावर साधारण ५-१-१ असे आकडे असतात, पहिला आकडा नत्राचा, मग स्फुरद आणि पालाश. ते लवकर लागू पडतं, आठ-दहा दिवसांत नव्या पानांचा रंग बदलतो.

माझा क्रम असा: लावणीनंतर पहिली पानं स्थिरावली की मासळीचा अर्क दर १५ दिवसांनी, मुळाशी, लिटरला ५ मिली. कळ्या दिसायला लागल्या की मासळी आवरती घ्यायची, नाहीतर दोडका मांडवभर पानं करील आणि फळ धरणार नाही. तिथून पुढे शेवाळाचा अर्क. मी इफकोची सागरिका वापरतो (लाल आणि तपकिरी शेवाळाचा २८ टक्के अर्क), लिटरला अडीच मिली, संध्याकाळी फवारून. दुपारच्या उन्हात कधीच नको. एकदा घाईत मी दहा मिली घालून भर अकराला फवारलं होतं, मिरचीच्या पानांच्या कडा दुसऱ्या दिवशी कागदासारख्या वाळल्या.

आणि या दोन्हींच्या आधी कंपोस्ट. प्रत्येक बॅगेत दोन ओंजळी आजच घाला.

माडाखाली
देवगडहून लिहितोय. आमच्याकडे मासळीचं खत ही नवी गोष्ट नाही. तारलीचा हंगाम जोरात असला, भाव पडला, की उरलेली तारली वाळवून माडाच्या आळ्यात पुरायची हे आजोबांच्या वेळेपासून पाहत आलोय. पण माडाचं आळं हातभर खोल असतं आणि वर माती दाबलेली असते. तुमच्या २० लिटरच्या बॅगेत कच्ची मासळी पुरू नका. उष्णतेने मुळं भाजतील, अळ्या होतील, मांजरं आणि घुशी बॅग फाडतील.

शेवाळाबद्दल थोडं. इथे पावसाळा सरला की खडकांवर तपकिरी सरगॅसम दिसायला लागतं, लाटांनी सुटून पुळणीवर येऊन पडतं. कुणी कोकणात येणार असाल तर ते वाहून आलेलंच उचला, खडकावरचं जिवंत ओरबाडू नका. त्यात माशांची पिल्लं, खेकडे, कोळंबी वाढतात, आमची पुढची मासळी तीच. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे हातच लावू नये.

आणलेलं शेवाळ दोन वेळा गोड्या पाण्यातून काढायचं, कडकडीत वाळवायचं, कातरून कंपोस्टात मिसळायचं किंवा बुंध्याभोवती पसरायचं. पाण्यात भिजवायचं तर झाकणाच्या बादलीत तीन-चार आठवडे, मग कोऱ्या फिक्या चहाचा रंग येईपर्यंत पाणी घालून मुळाशी द्यायचं. मीठ धुण्यात कुचराई नको. जमिनीतलं मीठ पावसात निघून जातं, कुंडीत ते साठत राहतं.

परसबाग, न्यू जर्सी
इथे बाटलीतलं फिश इमल्शन सहज मिळतं, सहा वर्षं वापरतेय. काम उत्तम करतं. एकच सांगते, घातल्यावर वरून साधं पाणी द्या आणि सुक्या पाल्याचा थर पसरा. पहिल्या वर्षी मी तसं केलं नाही आणि रात्रीत रॅकूननी टोमॅटोची अख्खी ओळ उकरली. तुमच्याकडे तेच काम मांजर करील.

गच्चीवरची वांगी
खूप आभार. कंपोस्ट आजच घातलं. घरी अर्क करायचा तर नीट कृती कुणी देईल का? आणि मेथी-पालकालाही चालेल का?

कोळीवाड्याची सून
मी वसईची, दरवर्षी करते. मासळी साफ झाली की डोकी, कल्ले, आतडी, शेपट्या कोळणीकडून मागून घ्यायच्या, ताज्याच. मीठ लावलेली किंवा सुकी नको. जेवढं वजन तेवढाच गूळ, किलोला किलो. गुळात कंजुषी केली की सडतं, वास तिथूनच सुरू होतो. गूळ किसून थर लावायचे, तळाला गूळ, सगळ्यात वरही गूळ. प्लास्टिकचा डबा, दोन-तृतीयांशच भरायचा, झाकण सैल ठेवायचं कारण गॅस होतो. सावलीत, अधूनमधून लाकडी काठीने ढवळून. पहिले चार-पाच दिवस मासळीचा वास येतो, मग तो गोडसर, आंबूस होत जातो, काकवीसारखा. महिन्याने गाळायचा. तमिळनाडूत याला मीन अमिलम म्हणतात.

माझा डबा मी एप्रिलमध्येच लावते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजे अवशेष तेव्हा फारसे मिळत नाहीत, आणि पावसात ढवळायला उघडलं की माश्या बसतात.

मेथी-पालकावर फवारू नका. मातीत द्यायचं, तेही बियाणं उगवल्यावर एकदाच, आणि तोडणीच्या आधी दोन आठवडे बंद. ती पानं आपण कोवळी खातो.

ज्यांना एवढं करायचं नसेल त्यांनी मासळी धुतलेलं पहिलं पाणी (मीठ-हळद लावायच्या आधीचं) कढीपत्त्याला घालावं. माझ्या सासूबाई तेवढंच करायच्या, आणि त्यांच्या झाडाची पानं वासानेच ओळखू यायची.

पेंडवाला
घरात माळकरी आहेत म्हणताय, तर त्यांना विचारूनच करा. ती भाजी त्यांच्याही ताटात जाणार आहे. त्यांना नको असेल तर शेंगदाणा पेंड आहेच. मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, वरचं पाणी तिप्पट पाण्यात मिसळून दर १५ दिवसांनी. नत्र त्यातूनही भरपूर मिळतं, थोडं सावकाश. शेवाळ वनस्पतीसारखंच, त्याची अडचण नाही.

गच्चीवरची वांगी
महिन्याने लिहितेय. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “फुलझाडांना घाल, माझ्या भाजीला नको.” म्हणून भाज्यांना पेंडीचं पाणी आणि कळ्या आल्यापासून शेवाळाचा अर्क, जास्वंद-मोगऱ्याला मासळी. डबा काकूंच्या गॅलरीत ठेवला होता. वांग्याची नवी पानं तळहाताएवढी आणि गडद आलीत, पहिली चार फळं धरलीत. दोन टोमॅटोंच्या बुडाला मात्र काळा डाग आहे. आणि गाळून उरलेल्या काट्यांचं काय करू?

माडाखाली
तो डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा. बहुतेक वेळा एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी दिल्याने होतो. रोज ठरल्या वेळी, सारखं पाणी द्या, पुढची फळं नीट येतील. काटे टाकू नका. स्फुरद आणि कॅल्शियम त्यांतच आहे. मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीत कडेला वीतभर खोल पुरा आणि वर एखादी फरशी ठेवा.