डिसेंबरात महिनाभर इचलकरंजीत असते, सांडपाण्याच्या कामात काही उपयोग होईल का माझा?

कृष्णाकाठची (रॉटरडॅम)
नमस्कार मंडळी. मी मूळची इचलकरंजीची, बीई सांगलीला, आता नोकरी नेदरलँड्सात. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प चालवणं हे माझं रोजचं काम. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) आहे. दरवर्षी घरी येते आणि पंचगंगेतली जलपर्णी बघून जीव तुटतो. २०१२ च्या काविळीच्या साथीत आमच्या गल्लीतलेही दवाखान्यात होते.
परदेशातल्या तज्ज्ञांना इथे बोलावणाऱ्या सरकारच्या 'वैभव', 'वज्र' योजना वाचल्या, पण त्या संशोधकांसाठी दिसतात. मी पीएचडी केलेली नाही. मागे एका कॉलेजात व्याख्यान दिलं, शाल-श्रीफळ मिळालं, पुढे काही नाही. पैसे नकोत, काम हवंय. कुठून सुरुवात करू?

पंपहाऊस (कोल्हापूर)
ताई, पाणीपुरवठा-ड्रेनेजमधनं निवृत्त झालोय, म्हणून जरा लांबण लावतो.
बाहेरून आलेले तज्ज्ञ आम्ही पुष्कळ पाहिले. प्रेझेंटेशन, चहा-बिस्किटं, ग्रुप फोटो. सल्ला ठरलेला: नवीन तंत्रज्ञान आणा. आणि प्रकल्पावर काय, तर टाकीत हवा सोडणाऱ्या दोन ब्लोअरपैकी एक बंद, दुसराही लाइट बिलाच्या धाकानं रात्री बंद. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा डीओ मीटर कपाटात, प्रोब वाळलेला. लॉगबुकात मात्र ऑक्सिजनचा आकडा रोज २.०!
एका नगरपालिकेत असाच एक गाववाला आला, तिकडे तुमच्याच धंद्यातला. भाषण नाही की काही नाही. प्रयोगशाळेतला एक लिटरचा, रेघा असलेला मोजायचा सिलिंडर मागवला, एरेशन (हवा सोडायच्या) टाकीतलं पाणी भरलं आणि ऑपरेटर पोराबरोबर अर्धा तास उभा राहिला. गाळ, म्हणजे घाण खाणारे जंतू, १००० पैकी ९०० च्या रेघेवरच अडकला, खाली बसेना. मग निम्मं शुद्ध केलेलं पाणी घालून परत लावलं, तर गाळ झटकन खाली. म्हणजे गाळ बिघडलेला नव्हता, नुसता साठला होता. तेव्हा पोरगं हळूच बोललं, "सर, जादा गाळ काढायचा पंप पावसाळ्यापासून बंद आहे." आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
पाहुणा परत गेला, पण पोरगं रोज सिलिंडरचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवायचं आणि तिकडून उत्तर यायचं. माझ्या मते खरं काम ते.
तेव्हा एक प्रकल्प धरा, एक ऑपरेटर धरा, आणि ज्याच्या सहीनं पंप दुरुस्त होतो तो एक इंजिनियर. हा तिसरा नसेल तर पहिले दोन वाया. त्याची बदली होणार हेही धरूनच चाला.

कागदीघोडा
नियमांचं तेवढं बघा. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयवाल्यांना भारतात संशोधन करायला विशेष परवानगी लागते, एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय) किंवा तिकडच्या भारतीय वकिलातीकडून. नदीचे नमुने घेऊन पेपर लिहायचा बेत असेल तर आधी अर्ज टाका.
'वैभव' फेलोशिप (२०२३) महिना ४ लाख देते, वर्षाला एक-दोन महिने, तीन वर्षांपर्यंत. पण पीएचडी, एमडी नाहीतर एमएस हवंच. तुम्हाला यूजीसीचं २०२२ चं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' जवळचं: डिग्रीची सक्ती नाही, १५ वर्षांचा अनुभव बघतात, मानदही चालतं. परदेशी पासपोर्ट चालतो का, ते कॉलेजला आधीच विचारा.

सडेतोड
रॉटरडॅमहून माणूस कशाला? इथले निवृत्त इंजिनियर मेलेत का?

पंपहाऊस (कोल्हापूर)
@सडेतोड, मी जिवंत आहे. मी सांगितलं की "काका, तुमच्या वेळचं वेगळं होतं" म्हणतात. तिकडून आलेल्या माणसाला साहेब खुर्ची देतात आणि पंपाची फाइल त्याच दिवशी हलते. मला खटकतं. पण खुर्ची मिळतेच आहे तर ती पंपासाठी वापरून घ्यावी.

कृष्णाकाठची (रॉटरडॅम)
काका, सिलिंडर मी घेऊन येते. तो ऑपरेटर अजून तिथेच आहे का?

पंपहाऊस (कोल्हापूर)
छे! ठेका बदलला. आता चाकणला एका कंपनीच्या ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर) आहे, पगार दुप्पट. पण गावी येतो महिन्याकाठी. नंबर व्यनितून (खाजगी निरोपातून) पाठवतो. नवीन पोरांना शिकवायला तुमच्याबरोबर त्यालाही बोलवा. आणि सिलिंडर तिकडनं आणू नका, काचेचा आहे, फुटेल. कोल्हापुरात मिळतो.