गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या जुन्या फायबर रिंगवर अजून किती पावसाळे काढायचे?

तिस्कवाला:
परवा रात्री अडीचला वाळपईच्या आमच्या नोडवर, म्हणजे रिंगवरच्या यंत्रांच्या खोलीत, धावलो. रॅकवर लाल दिवा, पंख्याचा ट्रे बंद. ट्रे ओढून काढला तर पात्यात अडकून वाळलेली पाल. पाल निघाली, पंखा फिरला, पण तोवर वरचं कार्ड तापून गेलं होतं. ते कार्ड बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलंय. शेवटी मुंबईच्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून वापरलेलं मागवलं, आधीच्या मालकाचा स्टिकरही तसाच चिकटलेला. रिंगवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर अजून विंडोज एक्सपीवरच चालतं. त्यासाठी एक म्हातारा डेस्कटॉप आम्ही घरच्या देवासारखा सांभाळतो.

माझं म्हणणं, आता नोडांवरच्या या पेट्या बदलाच. नोडांना गोल जोडणारी ही एसटीएम-१६ रिंग, म्हणजे वेग २.४८८ गिगाबिट. घरोघरी फायबर देणाऱ्या जीपॉनच्या एका पोर्टचा खाली येणारा वेगही नेमका २.४८८ गिगाबिटच. तालुक्याची मुख्य वाहिनी आणि एका वाड्याचा पोर्ट, दोन्हीचं तोंड सारखंच रुंद! त्यात जुन्या ई-१ लाईनी (दोन-दोन मेगाबिटच्या राखीव वाटा) वापरात असोत-नसोत, आपली जागा अडवून बसलेल्याच. राखीव वाटा न ठेवता डेटा पॅकेटांत पाठवणाऱ्या नव्या पेट्या बसवा आणि मोकळे व्हा.

होंड्याचा जॉइंटर:
बाब, पालीचं वाईट वाटलं. पण गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी सगळी सत्तरी आडवी झाली ती पालीने नव्हे, जेसीबीने. लोक गणपतीवर फळापानांची माटोळी बांधत होते आणि मी गटारात छत्री धरून फायबर जोडत होतो. रिंगचा एक हात, म्हणजे एका बाजूची केबल, तुटला तर ५० मिलिसेकंदांत दुसऱ्यावर उडी, हीच ना रिंगची ख्याती? मग का नाही मारली उडी? कारण फोंड्याकडून येणारा हात आणि साखळीकडून येणारा हात होंड्याला भेटतात आणि तिथून वाळपईपर्यंत एकाच चरीत झोपलेत. कागदावर रिंग, जमिनीत शेपूट. तिथे सोन्याची पेटी बसवलीत तरी जेसीबीला काय फरक पडतो?

आणि बॅटरीचं कोण बोलणार? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, बॅटऱ्या संपल्या, पेट्या धडधाकट असूनही गप्प बसल्या. आधी चर, मग बॅटरी, मग तुमची पेटी.

तिस्कवाला:
चरीचं खरंय, नाकारत नाही. पण गुळेलीच्या बाजूने वेगळा मार्ग खणायचा तर बांधकाम खातं, पंचायती, वन खातं, सगळ्यांचे उंबरे झिजवायचे. वर जांभा फोडायचा. १६५ सेंटीमीटर खोलीचा नियम आहे, चिऱ्यात तेवढं खणायचा खर्च ऐकून आमचे साहेब पाणी मागतात. पेटी दोन-तीन रात्रींत बदलून होते. जे हातात आहे ते तरी करू.

निवृत्त वीजवाला:
"जागा अडवून बसलेल्या" ई-१ बद्दल दोन शब्द. माझी नोकरी उपकेंद्रांत गेली. ११० आणि २२० केव्हीच्या लाईनींवर डिफरन्शियल संरक्षण असतं: दोन्ही टोकांचे रिले (दोष ओळखून लाईन तोडणारी यंत्रं) तुमच्या ई-१ वरून एकमेकांना करंट कळवतात आणि मेळ बसला नाही की लाईन बंद करतात. जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा आहे, असं धरूनच ते मोजतात. दोन दिशांमध्ये काही मिलिसेकंदांचा फरक पडला की लाईनीत काही नसताना रिलेला दोष दिसतो. एसडीएचवर, म्हणजे तुमच्या या जुन्या रिंगच्या तंत्रावर, दोन्ही दिशा एकाच वाटेने बांधल्या की हा वेळ ठरलेला राहायचा. पॅकेटवर वाट कोणती आणि रांग किती, हे नीट बांधून दिलं नाही तर अंधार तुमच्याच घरात होईल. शिवाय जुन्या मोबाईल टॉवरांना ताल जुळवायचं घड्याळही याच ई-१ मधून मिळतं. त्याची सोय आधी करा, मग मोकळे व्हा.

केबलबाब, पेडणे:
आमच्याकडे उलटी तऱ्हा. सेल्समन सांगतो, सगळं जीपॉन काढा, त्याचा १० गिगाचा नवा भाऊ एक्सजीएस-पॉन घाला. कशाला? जीपॉन १४९० आणि १३१० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींवर चालतं, एक्सजीएस १५७७ आणि १२७० वर. एकाच फायबरवर दोन्ही सुखाने नांदतात, मध्ये जोडणारा एक फिल्टर लागतो एवढंच. ज्या हॉटेलाला १० गिगा पाहिजे त्याला द्या, आमच्या म्हातारीच्या घरातला डबा का उपटायचा? पात्रांव, बदलायचंच म्हणून बदलू नका.

होंड्याचा जॉइंटर:
हेच! आणि तिस्कवाले, तुमच्या नव्या पेटीचा हिशेब कोणी केलाय? साहेबांनी नकाशा बघून सांगितलं असणार, केबल तीसेक किलोमीटर, ४० किलोमीटरपर्यंत उजेड पाठवणारं मॉड्यूल बस झालं. एक कट म्हणजे दोन जॉइंट, कारण मध्ये तुकडा घालावा लागतो. माझ्या वहीत या केबलवर ३० कट आहेत. म्हणजे ६० जॉइंट. एका जॉइंटला ०.१ डीबी (डेसिबल, उजेड किती गळतो त्याचं माप) धरा, आणि भर पावसात मारलेला जॉइंट इतका चांगला येत नाही हे माझ्याकडूनच ऐका. तरी ६ डीबी गेले, पाऊण उजेड वाटेतच सांडला. फायबरचे स्वतःचे ६ वेगळे. जुन्या पेटीतला लांब पल्ल्याचा लेझर २४ डीबीपर्यंतची गळती सोसायचा, म्हणून तुम्हाला कधी जाणवलं नाही. स्वस्तातलं नवं मॉड्यूल घातलंत तर रात्री अडीचला पालीऐवजी मला शोधाल.

तिस्कवाला:
हा हिशेब आमच्या फायलीत नाही, मान्य. नुसतं अंतर लिहिलंय. वीजवाल्या काकांच्या ई-१ ची यादीही नाही, तीही करावी लागेल.

पण थांबण्यालाही किंमत आहे. १५ जून २०२१ पासूनच्या सरकारी नियमाने नेटवर्कला नवी जोडायची पेटी सरकारने ठरवलेल्या विश्वासार्ह स्रोताचीच लागते. बसवलेली काढायची सक्ती नाही, म्हणून आमचे साहेब निवांत. मात्र ती बंद पडली की दुसरी दुकानातून उचलून आणता येणार नाही. व्यापाऱ्याकडचं पुढचं कार्डही मेलं तर काय करायचं, ते सांगा.

होंड्याचा जॉइंटर:
म्हणून म्हणतो, वाळपईची एक पेटी बदला, तिची कार्डं बाकीच्या नोडांना स्पेअर म्हणून ठेवा. उरलेल्या पैशांत गुळेलीची चर. निदान अर्ज तरी टाका!

तिस्कवाला:
एकच बदलली तर जुनं आणि नवं, दोन्ही जगं सांभाळायची, एक्सपीचा डेस्कटॉप आहे तिथेच. पटत नाही. तरी मोजून तरी बघू. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये उजेड कुठे किती गळतो ते दाखवणारं यंत्र, माझ्याकडे आहे. पाऊस ओसरला की एखाद्या रविवारी येतो.

होंड्याचा जॉइंटर:
ओसरल्यावर कशाला? जॉइंट ठेवलेले जमिनीतले चेंबर पाण्याने भरलेले असतात तेव्हाच या. कोरड्यात माझे जॉइंटही छान दिसतात.