गोल्फचा बॉल आधी मिठाच्या पाण्यात टाका

"नाव न ऐकलेल्या कंपनीचा महाग बॉल म्हणजे डब्याचे पैसे, दोन ड्राइव्ह मारले की कळतं" हे गोल्फ बॉलबद्दल नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं (ड्राइव्ह म्हणजे सुरुवातीचा लांब फटका). बॉलचं बाहेरचं आवरण मऊ युरेथेनचं आहे की स्वस्त आयनोमर प्लास्टिकचं, हा फरक ड्राइव्हमध्ये फारसा कळत नाही, तो ग्रीनजवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताजवळ, वेज या तिरप्या पात्याच्या काठीने मारलेल्या छोट्या शॉटला कळतो. पण माझा मुद्दा वेगळा आहे. अशा ब्रँडचा एक बॉल चांगला निघणं सोपं, डझनातले बाराही सारखे निघणं अवघड.

मी घेतलेले बारा बॉल आधी सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर टाकले (नाशकात 'गोल्फ क्लब' नावाचं क्रिकेटचं मैदान आहे, गोल्फ म्हटलं की लोकांना तेच आठवतं, त्यामुळे तिथे बरीच करमणूक झाली). नियमाने वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर नको. सगळे आत होते. मग घरी मीठ. लिटरभर पाण्यात साधारण पाव किलो साधं मीठ विरघळलं की बॉल तरंगतो. वर आलेल्या जागी मार्करने ठिपका द्यायचा आणि बॉल गिरकी देऊन सोडायचा. दर वेळी तोच ठिपका वर आला तर बॉल एका बाजूला जड. माझ्या बारांपैकी दोन तसे निघाले, एक तर हट्टाने तिथेच यायचा. ते दोन सरावाच्या पिशवीत गेले. उरलेल्या दहांबद्दल तक्रार नाही, चिपिंगला, म्हणजे ग्रीनजवळून हलकेच उचलून मारताना, छान थांबतात. पुढचा डबा मात्र मीठ लावूनच उघडणार.